पौषातली बैठक

हॉटेलचं कोटेशन हर्डीकरांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा सावकाश, जणू तेवढ्याने आकडे उतरणार होते.

"एक ताट तीनशे चाळीस. मागल्या वर्षी दोनशे पंचवीस होतं. हॉल दीडपट. प्रोजेक्टर वेगळा, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, खुर्चीला घातलेला अभ्रा वेगळा. हवेचे पैसे लावले नाहीत हेच उपकार."

पाटणकर सर हसले नाहीत. ते आमच्या माती परीक्षक संघाचे अध्यक्ष. कृषी महाविद्यालयात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत माती तपासणारे निम्मे लोक त्यांच्याच हाताखालून गेलेले. हर्डीकर खजिनदार. ते सांगलीच्या एका खत कंपनीची प्रयोगशाळा सांभाळत. मी कराडजवळच्या साखर कारखान्यात माती परीक्षण विभागाची प्रमुख होते आणि जूनपासून संघाची सचिव. दर डिसेंबरात भरणारी दोन दिवसांची वार्षिक बैठक त्या वर्षी मला उभी करायची होती.

"फी किती पडेल?" सरांनी विचारलं.

"राहण्याजेवणासकट अठराशे."

दोन वर्षांपूर्वी ती सहाशे होती. मागल्या वर्षी नऊशे केली, तेव्हा एकसष्ट प्रयोगशाळांपैकी एकोणीस आल्याच नाहीत. सगळ्या लहान. शेतकरी संस्थांच्या, तालुक्याच्या गावच्या, एकदोन खोल्यांच्या.

"महागाई आपण केलेली नाही," सर म्हणाले. "ज्यांना जमेल ते येतील. म्हेत्रे बाई, परिपत्रक काढा."

मी परिपत्रक काढलं. आठवड्याने जतहून फोन आला. सलीम मुजावर, तिथल्या शेतकरी संस्थेतला प्रयोगशाळा सहायक. त्या प्रयोगशाळेत तो एकटाच होता, त्यामुळे सहायक कोणाचा हा प्रश्नच होता.

"मॅडम, फी वाचली," तो म्हणाला.

"हो."

"मला पगार साडेचार हजार हाय. संस्था प्रवासखर्चबी देत नाही. तर माझे आकडे मी पोस्टाने पाठवतो. फळ्यावर लावा, आणि कुठं चुकलो ते कार्डावर कळवा. एवढं कराल का?"

तो ज्या आकड्यांबद्दल बोलत होता त्यांच्यासाठीच आमची बैठक असे. बाकीची भाषणं वगैरे त्याभोवती. बैठकीच्या दोन महिने आधी एकाच शेतातली माती वाळवून, चाळून, सगळ्या प्रयोगशाळांना अर्धा अर्धा किलो पाठवायची. प्रत्येकाने ती तपासायची आणि आकडे बंद पाकिटात द्यायचे. पाकिटं सगळ्यांसमोर फोडून आकडे फळ्यावर लिहायचे, नावाऐवजी कोड क्रमांकाखाली. कोणाचा कोड कोणता, हे ज्याचं त्याला ठाऊक असे आणि सचिवाला. माती एकच, म्हणजे उत्तर एकच यायला हवं. ते कधीच येत नसे. मग का येत नाही यावर भांडण, आणि त्या भांडणातून आम्ही जे शिकलो ते कुठल्याही व्याख्यानात शिकलो नाही.

पोस्टाने आलेल्या आकड्याला भांडता येत नाही. मी सलीमला म्हटलं, "परिपत्रक मागे घेतेय. पुन्हा कळवीन."

का म्हटलं ते त्या क्षणी मलाही सांगता आलं नसतं. मी असं अंदाजाने बोलणारी बाई नाही.

*

पुढचे पंधरा दिवस संध्याकाळी कारखाना सुटला की मी जागा बघत फिरले. शाळांमध्ये राहायची सोय नव्हती. सरकारी सभागृह मिळणार, पण स्वयंपाक बाहेरून. शेवटी मलकापूरच्या पुढे बबनराव डुबलांच्या मंगल कार्यालयात गेले. डुबल साठीचे, पांढरी टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. अंगणात मांडववाले बांबू उतरवत होते.

"डिसेंबर?" ते म्हणाले. "डिसेंबरात लग्नं हायत, ताई. दुसऱ्या शनिवारी तर एकाच दिवशी दोन. सकाळचं वऱ्हाड जेवून उठंस्तवर संध्याकाळचं दारात."

"भाडं?"

त्यांनी सांगितलं. हॉटेलपेक्षा थोडंच कमी होतं.

"आचारी, भांडी, वाढपी?"

"लग्नसराईत आचारी मला भाव सांगतो. मी तुमास्नी काय सांगू?"

मी वही मिटली. मग, नमुना एकाच जागेचा घेऊ नये या सवयीने, विचारलं, "वर्षात तुमचं कार्यालय सर्वांत रिकामं कधी असतं?"

"पौषात. तवा हितं पाली फिरत्यात."

"आचारी तेव्हा काय करतो?"

"घरी बसतो. बायको ओरडती म्हणून दिवसातनं दोनदा हितं येऊन बसतो."

"आणि तुमचा खर्च? वॉचमन, वीज, झाडलोट?"

"त्यो चालूच की."

"मग पौषात मला दोन दिवस द्या."

डुबलांनी जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "पौषात कसलं कार्य करता, ताई? लोक काय म्हणतील? डुबलानं पौषात मांडव घातला."

"मांडव नको. लग्न नाही, मुंज नाही. शंभर-सव्वाशे माणसं येणार, मातीवर बोलणार, जेवणार आणि जाणार."

"मातीवर दोन दिवस बोलणार?"

"कधी कधी पुरत नाहीत."

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "माझं दोन एकर आलं हाय. मागल्या साली कूज लागली. त्या रानाची माती तपासून देणार का?"

"देईन. पण नेहमीची फी भरून, आणि रांगेत. आता नोव्हेंबरअखेरपर्यंतचे नमुने आहेत."

"रांगेत," डुबल म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "घासाघीस करायला आलाय आणि वर मलाच रांगेत उभं करताय. बरं. तिसऱ्या हिश्श्यात देतो. आचाऱ्याचंबी मी बघतो. त्याची बायको दुवा देईल तुमास्नी."

*

कार्यकारिणीत मी आकडे मांडले. जागा, जेवण, झोपायची सोय, सगळं धरून माणशी पाचशे ऐंशी. फी सहाशे.

सरांनी कागद उलटसुलट पाहिला. "तारीख जानेवारीतली आहे."

"पौष आहे, सर. म्हणून परवडतंय."

"पौषात? संघाची पंधरावी बैठक?"

"सर, आपण विज्ञानाची माणसं," हर्डीकर म्हणाले.

"मी मानत नाही हो. पण पाहुणे असतात, वर्तमानपत्रवाले असतात. लोक मानतात."

"आपल्या बैठकीतून कोणाचं लग्न जमल्याचं ऐकिवात नाही. मोडायची भीती नाही."

सरांनी हर्डीकरांकडे दुर्लक्ष केलं. "आणि हे काय, सत्कार दिसत नाहीत यात. शाली नाहीत, स्मृतिचिन्हं नाहीत. दुसऱ्या दिवसाची सकाळ अख्खी रिकामी."

"रिकामी नाही. फळ्याला दिली आहे. मागल्या वर्षी बावीस सत्कार झाले, त्यात दोन तास गेले. फळ्याला चाळीस मिनिटं उरली."

"बाई, संघाला काही प्रतिष्ठा आहे. मंगल कार्यालयात, भाड्याच्या सतरंज्यांवर, पौषात. उद्या लोक म्हणतील पाटणकरांच्या काळात संघ भिकेला लागला."

मी कमी बोलते, आणि सरांपुढे तर त्याहून कमी. त्यांनीच मला ब्युरेट धरायला शिकवलेलं.

"सर," मी म्हटलं, "अठराशे फी केली तर अठरा मोठ्या प्रयोगशाळा येतील. त्यांचा खर्च कंपनी देते, कारखाना देतो, सरकार देतं. बाकीच्या त्रेचाळीस येणार नाहीत. मग ती बैठक अठरा जणांची. ती घ्या, पण तिच्या परिपत्रकावर सचिव म्हणून माझी सही नको."

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तेवढा आवाज.

"राजीनामा देताय?" सरांनी विचारलं.

"नाही. सही देत नाही."

"फरक काय?"

"राजीनामा दिला तर काम दुसरं कोणीतरी अठराशेत करील."

हर्डीकरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "करा तुमच्या मनासारखं," ते म्हणाले. "हसं झालं तर तुमचं होईल."

*

त्या बैठकीला आता सोळा वर्षं झाली. एकसष्टच्या एकसष्ट प्रयोगशाळा आल्या, एकशे चौतीस माणसं. बायकांची सोय 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोल्यांत आणि पुरुषांची 'वरपक्ष' लिहिलेल्या. पहिल्या रात्री आमटी, भाकरी, वांग्याची भाजी आणि भात. आचारी स्वतः वाढत फिरत होता आणि नको म्हणणाऱ्याचा अपमान वाटून घेत होता. व्यासपीठावर नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या, त्या हलवायला फार जड. त्यातल्या एकीवर पाटणकर सर बसले. दुसरी कोणी घेईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाकिटं फोडली. मी वाचत होते, हर्डीकर फळ्यावर लिहीत होते. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, सगळं नेहमीसारखं, थोडं इकडेतिकडे. मग स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, रकाना आला. हेक्टरी किलोत.

पंचविसाव्या पाकिटापर्यंत मला कळलं होतं. साठाव्यापर्यंत सगळ्यांना दिसलं. आकड्यांचे दोन जथे पडले होते. एक अठरा ते वीसच्या दरम्यान, दाटीवाटीने. दुसरा नऊ ते चौदाच्या दरम्यान, विस्कटलेला.

"बघा," सर खुर्चीतून म्हणाले. "हे वरचे अठरा कसे एकमेकांना धरून आहेत. याला म्हणतात काम. खालच्यांनी आपापली उपकरणं तपासून घ्यावीत. कोणाचा कोणता कोड ते विचारत नाही, पण ज्याचं त्याला समजतंय."

मागच्या रांगांमध्ये माना खाली गेल्या.

कोडची यादी माझ्या पर्समध्ये होती आणि पाठही होती. ते वरचे अठरा म्हणजे आम्ही. अठराच्या अठरा मोठ्या प्रयोगशाळा, माझ्यासकट.

मागून सलीम उठला. "सर, एक विचारू?"

"विचारा."

"ब्लँकमधी कोळसा कोण कोण घालतं?"

मातीचा अर्क तपकिरी येतो. तो रंग काढायला आम्ही चमचाभर कोळशाची पूड घालतो. आणि ब्लँक म्हणजे माती न घालता केलेली तीच चाचणी. स्फुरद असला की चाचणी निळी पडते; ब्लँकमध्येच निळा रंग दिसला तर दोष मातीत नाही, आपल्या रसायनात आहे.

"ब्लँकमध्ये कोळसा कशाला?" हर्डीकर म्हणाले. "माती नाही तर रंग काढायचा कोणाचा? आम्ही नाही घालत. वेळ जातो, कोळसाही जातो."

"आमी घालतो," सलीम म्हणाला. "पाटणकर सरांच्या जुन्या पुस्तिकेत लिवलंय. पान एकोणीस. कोळशातच स्फुरद असलं तर ब्लँक निळं पडतं, नाहीतर कळायचं कसं?"

ती पुस्तिका सरांनी तीस वर्षांपूर्वी लिहिली होती.

आणि मला आठवलं, आधीच्या ऑगस्टमध्ये आम्ही अठरा जणांनी कोळसा एकत्र मागवला होता. एकाच पुरवठादाराकडून, घाऊक, जवळजवळ निम्म्या किमतीत. लहान प्रयोगशाळांना त्यात घेता आलं नाही, कारण खरेदी ठरली ती मागल्या बैठकीच्या जेवणात, आणि त्या बैठकीला त्यातल्या कित्येक नव्हत्या. ज्या होत्या त्यांच्याकडे आगाऊ पैसे नव्हते. एकत्र खरेदीची कल्पना माझी होती. तिच्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

"करून बघू," मी म्हटलं. "माझी प्रयोगशाळा सहा किलोमीटरवर आहे. जीप पाठवते."

"आता?" सर म्हणाले. "कार्यक्रम?"

"हाच कार्यक्रम आहे, सर. एकपर्यंत वेळ आहे."

जीप चाळीस मिनिटांत परतली. मखमली खुर्च्यांसमोरच्या टेबलावर मी दोन चंचुपात्रं ठेवली. दोन्हींत तेच द्रावण, माती नाही. एकात आमच्या बाटलीतला कोळसा, एकात काहीच नाही. पिपेट सलीमच्या हातात दिलं.

"मॅडम, तुमीच करा की."

"माझ्या हातचा आकडा आज कोणी मानू नये. तुम्ही करा."

अर्धा तास पात्रं हलवायची होती. हलवायचं यंत्र नव्हतं, म्हणून माणसं पाळीपाळीने पुढे आली. डुबल दारातून सगळं पाहत होते. ते शेवटी न राहवून व्यासपीठाजवळ आले.

"ताई, ही पूजा कसली?"

"पूजा नाही. आमची चूक शोधतोय."

"सापडंल?"

"दहा मिनिटांत."

सलीमने दोन्ही द्रावणं गाळली, मोजून परीक्षानळ्यांत घेतली आणि शेवटचं, रंग आणणारं अभिक्रियक घातलं. त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. मी घड्याळ लावलं. एकशे चौतीस माणसं उठून व्यासपीठाभोवती जमली होती आणि भिंतीवरच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. चौथ्या मिनिटाला उजवी, कोळशाची नळी फिकट निळी झाली, म्हणजे मला तसं वाटलं. सहाव्याला कोणालाही दिसावी इतकी निळी झाली. डावी पाण्यासारखी स्वच्छ राहिली.

"निळं झालं," डुबल म्हणाले. "चांगलं का वाईट?"

"वाईट," मी म्हटलं.

"मग तुमी हसताय का?"

मी हसत होते हे मला ठाऊक नव्हतं.

सरांनी घसा साफ केला. "एखाद्या बाटलीतला दोष असेल. ज्याची बाटली खराब निघाली त्याने बघून घ्यावं. कोड गुप्त राहतील."

ते खरं होतं. नियमच तसा होता, आणि बाकी सतरा जणांची नावं सांगायचा मला अधिकार नव्हता. फक्त एका कोडवर होता. मी फळ्याशी गेले आणि सातव्या ओळीखाली रेघ मारली.

"कोड सात मी," मी म्हटलं. "माझा आकडा एकोणीस पॉइंट दोन. तो चुकीचा आहे. कोळसा मीच मागवला, अनेकांसाठी, स्वस्त मिळाला म्हणून. आणि तो वाचवायचा म्हणून ब्लँकमध्ये घालायचा सोडला. पाच महिने मी शेतकऱ्यांना सांगतेय की तुमच्या रानात स्फुरद पुरेसा आहे. तो नव्हता, माझ्या कोळशात होता."

खडू मी फळ्याच्या कडेवर ठेवला.

हर्डीकर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी खडू उचलला आणि चौदाखाली रेघ मारली. "मी," ते म्हणाले. "आणि मला जास्त नका बोलू, मी आधीच मघाशी बोलून बसलोय."

मग तिसरा आला. मग एका सरकारी प्रयोगशाळेच्या बाई आल्या. एकेक जण पुढे येत होता, रेघ मारत होता आणि खडू पुढच्याला देत होता. सतरा मोजल्यावर मी अठराव्याकडे पाहिलं नाही. तो आपणहून आला.

पुढच्या महिन्यात माझ्या प्रयोगशाळेतून अकराशे चाळीस शेतकऱ्यांना दुरुस्तीची पत्रं गेली. कारखान्याच्या संचालकांनी मला बोलावून विचारलं की हे जाहीर करायची गरज होती का. बाकी कुणी काय केलं ते मी विचारलं नाही. पण त्या अठरा जणांचेच आकडे त्या दिवशी फळ्यावर असते, तर हॉटेलच्या गालिच्यावर उभं राहून मी ते एकमत मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं असतं. हे मला अजून कधी कधी आठवतं, आणि मग अहवालावर सही करायच्या आधी मी ब्लँक पुन्हा एकदा लावते.

त्या सकाळी फळ्यावर अठरा रेघा झाल्यावर पाटणकर सर मखमली खुर्चीतून उठले. व्यासपीठाच्या पायऱ्या ते सावकाश उतरले, पहिल्या रांगेत एक पत्र्याची खुर्ची ओढून बसले आणि खिशातून पेन काढलं.

"मुजावर," ते म्हणाले, "कोळसा धुता का तुम्ही?"

"हो सर. दर बाटली."

"कसा? मी पुस्तिकेत ते नीट लिहिलं नव्हतं. सांगा."

सलीमने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग समोर. कारखान्यांचे प्रमुख, कंपन्यांचे व्यवस्थापक, दोन डॉक्टरेट झालेले प्राध्यापक पुन्हा आपापल्या जागी बसत होते आणि वह्या उघडत होते. तो थांबला. सगळ्यांची पेनं कागदावर टेकेपर्यंत थांबला.

"कोळसा पन्नास ग्रॅम घ्यायचा," तो म्हणाला. "लिवलं? आता पुढं."